चॅटमधूनच पैसे पाठवायचेत? आधी पैसे नेमके कुठे असतात ते समजून घ्या

मावशीच्या फोनवर व्हॉट्सॲपचं पेमेंट चालू करून देत होते तेव्हा तिने मधेच विचारलं, "अगं पण आता माझे पैसे व्हॉट्सॲपमध्ये जाऊन बसणार का? मग मोबाईल हरवला की पैसे पण गेले?" मी आधी हसले, आणि मग माझ्याच लक्षात आलं की अरे, सगळ्यात पहिला विचारायचा प्रश्न हाच आहे आणि आपण कोणीच तो विचारत नाही, आपण सरळ ओके ओके दाबत पुढे जातो. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करते. भारतात व्हॉट्सॲप वापरा, चीनमध्ये वीचॅट, कोरियात काकाओ किंवा तैवानमध्ये लाईन, बटणं सगळीकडे साधारण सारखीच असतात हो, पण पैसे कुठे पडून असतात ते सगळीकडे वेगळं असतं, आणि काही गडबड झाली की धावायचं कुणाकडे ते त्यावरच ठरतं.

दोन प्रकार आहेत असं धरून चला. एकात ॲप म्हणजे नुसता दरवाजा. पैसे तुमच्या बँकेच्या खात्यात होते, तिथेच राहतात, आणि ॲप फक्त बँकेला सांगतं की एवढे एवढे याला दे. भारतात व्हॉट्सॲपवर हेच चालतं कारण ते यूपीआयवर बसलेलं आहे, म्हणजे गूगल पे, फोनपेला जो रस्ता तोच याला. दुसरा प्रकार म्हणजे वॉलेट, म्हणजे ॲपमध्येच तुमचं पाकीट आणि त्यात खरोखर शिल्लक असते. वीचॅटमध्ये या शिल्लकीला जे चिनी नाव आहे त्याचा अर्थच मुळी सुट्टे पैसे असा आहे, आणि कुणी तुम्हाला पैसे पाठवले की ते आधी त्या सुट्ट्यांमध्ये येऊन पडतात, बँकेत न्यायचे तर तुम्ही स्वतः काढून न्यायचे. फुकट पण नाही बरं का, २०१६ च्या मार्चपासून पहिले १००० युआन काढून झाले की पुढे ०.१ टक्के कापतात, आणि हे १००० दर महिन्याला नाहीत, आयुष्यभराचे मिळून आहेत. मग ते पाकिटातले लोकांचे पैसे कंपनीने दुसरीकडे फिरवले तर? ही भीती चीनच्या सरकारलाही होतीच, म्हणून जानेवारी २०१९ पासून अशा कंपन्यांना ग्राहकांची सगळीच्या सगळी रक्कम तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे जमा ठेवावी लागते.

मावशीला मी एवढंच सांगितलं की तुझे पैसे बँकेतच आहेत, मोबाईल म्हणजे फक्त चेकबुक. चेकबुक हरवलं तर आपण बँकेला फोन करतो ना, तसंच. तिला पटलं.

भारतात, व्हॉट्सॲपवर चालू करताना

थोडी पार्श्वभूमी, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे कालच आलंय. व्हॉट्सॲपने भारतात पेमेंटची चाचणी फेब्रुवारी २०१८ मध्येच सुरू केली होती, तीही फक्त १० लाख लोकांपुरती, आणि मग पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा की नाही या वादात अडीच पावणेतीन वर्षं निघून गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, २ कोटी लोकांपर्यंत परवानगी दिली, मग ४ कोटी, मग २०२२ मध्ये १० कोटी, आणि अगदी ३१ डिसेंबर २०२४ ला ही मर्यादा पूर्ण काढून टाकली. तोपर्यंत लोकांची बोटं दुसऱ्या ॲपवर बसलेली होती. त्यामुळे व्हॉट्सॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे पण त्यातून पैसे पाठवणारे अजूनही कमीच, तुमच्या घरात कुणी वापरत नसेल तर त्यात नवल नाही.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट तपासा, आणि ही तपासली नाही म्हणून अर्धा तास डोकं फोडून घेतलेले लोक मी पाहिलेत. ज्या नंबरवर व्हॉट्सॲप आहे तोच नंबर बँकेत नोंदलेला पाहिजे, आणि त्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये पाहिजे. मावशीचं काय झालं, व्हॉट्सॲप तिच्या नंबरवर आणि बँकेत नंबर काकांचा, का तर खातं उघडायला तेव्हा काका गेले होते. मग काय, आधी बँकेत जाऊन फॉर्म भरा, नंबर बदला, दोन दिवस थांबा. तेव्हा हे काम आधी.

मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये किंवा तीन टिंबांच्या मेनूमध्ये पेमेंट्स म्हणून असतं तिथे जा, पेमेंट मेथड जोडा म्हणा, अटी मान्य करा (हो, कोणी वाचत नाही), आणि यादीतून तुमची बँक निवडा. आता फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो. हा एसएमएस म्हणजेच ओळखपत्र, त्यावरूनच कळतं की सिम खरंच तुमच्याकडे आहे. ड्युअल सिम असेल तर इथे बरोबर सिम निवडा, आणि सिममध्ये एसएमएसपुरता बॅलन्स ठेवा, नाहीतर ते गोल गोल फिरत बसतं आणि शेवटी फेल म्हणतं आणि आपण बँकेला शिव्या घालतो. एसएमएस गेला की त्या नंबरवरची खाती दिसतात, त्यातलं एक निवडायचं.

यूपीआय पिन आधीच दुसऱ्या ॲपवर बनवलेला असेल तर तोच इथे चालतो, कारण पिन ॲपचा नसतो, बँक खात्याचा असतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग प्रत्येक ॲपला नवा पिन करून सगळा गोंधळ. पिन नसेल तर डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि एक्स्पायरी लागते, किंवा बऱ्याच बँकांमध्ये आधारच्या ओटीपीवरही होतं. मग ४ किंवा ६ आकडी पिन ठरवा. जन्मसाल नको, प्लीज.

झालं, आता चॅट उघडा, खाली रुपयाचं चिन्ह किंवा अटॅचमेंटमध्ये पेमेंट दिसेल, रक्कम टाका, पिन मारा. पण पहिल्यांदा एक रुपयाच पाठवा. समोरच्याला फोन करून विचारा, आला का, आणि बँकेच्या मेसेजमध्ये आला का ते विचारा, चॅटमध्ये नाही. नव्याने चालू केल्यावर सुरुवातीच्या काळात मर्यादा कमी असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी मोठं पेमेंट करायचं ठरवून बसू नका, आणि एरवीही साधारण दिवसाला १ लाखाची मर्यादा धरून चाला.

आता माझी फजिती. माझ्या फोनमध्ये दोन सुनीता आहेत, एक मैत्रीण आणि एक ब्लाउज शिवून देणारी, आणि दोघींचंही नाव मी नुसतं सुनीता असंच सेव्ह केलेलं, डीपीवर दोघींच्याही गणपती. मैत्रिणीला द्यायचे ३,२०० मी टेलरला पाठवून मोकळी. चॅटमधून पाठवण्याची गंमत अशी आहे की वर जे नाव दिसतं ते तुम्हीच सेव्ह केलेलं नाव असतं, बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. पिन मारायच्या आधी बँकेतलं नाव दिसतं ते वाचा, जून २०२५ च्या शेवटापासून तर यूपीआय ॲप्सना बँकेत नोंदलेलं खरं नावच दाखवावं लागतं. मी वाचलं नव्हतं. ती बाई सज्जन म्हणून संध्याकाळी परत मिळाले, नाहीतर यूपीआयमध्ये गेलेला पैसा सेकंदात तिकडे जमा होतो, आणि समोरच्याने हो म्हटल्याशिवाय बँकही तो ओढून आणत नाही.

वीचॅट, आणि तिथला लिफाफा

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण चॅट आणि पैसे एकत्र आणण्याचा प्रकार खरा रुजला तो तिथेच. वीचॅट जानेवारी २०११ मध्ये आलं, पेमेंट ऑगस्ट २०१३ मध्ये, आणि तोपर्यंत अलिपे हे दुसरं ॲप सगळीकडे पसरलेलं होतं. मग जानेवारी २०१४ मध्ये चिनी नववर्षाच्या तोंडावर वीचॅटने लाल लिफाफा आणला. आपल्याकडे लग्नात पाकीट देतात तसंच तिकडे नववर्षाला मोठी माणसं लहानांना लाल लिफाफ्यात पैसे देतात, ते यांनी चॅटमध्ये टाकलं, आणि वर एक खोडी केली. ग्रुपमध्ये एक रक्कम टाकायची, इतक्या जणांत वाटायची असं सांगायचं, आणि कुणाला किती ते ॲप नशिबावर ठरवणार. म्हणजे पन्नास जणांचा ग्रुप, लिफाफे दहाच, जो आधी टॅप करेल त्याला, एकाला ८ युआन तर दुसऱ्याला २० पैसे. लोक वेडे झाले. आणि लिफाफ्यातले पैसे काढून घ्यायचे तर बँक कार्ड जोडावं लागतं, म्हणून ज्यांनी जन्मात ऑनलाईन पेमेंट केलं नव्हतं त्यांनीही कार्ड जोडून टाकलं. अलिपेवाल्या जॅक मा यांनी या प्रकाराला पर्ल हार्बरच्या हल्ल्याची उपमा दिली होती, एवढा तो वर्मी लागला.

लिफाफ्याचे नियम माहीत असू द्या. एरवी एका लिफाफ्यात जास्तीत जास्त २०० युआन. २४ तासांत कुणी उघडला नाही तर पैसे परत. आकडा जपून टाका, ८ आणि ६ शुभ, ४ अजिबात नको कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा आहे, आपल्याकडे १०१ आणि ५०१ देताना वरचा एक रुपया विसरला तर कसं वाटतं, तसंच काहीसं. नवीन माणसाने ऑफिसच्या ग्रुपमध्ये लिफाफे नुसते उचलत राहू नये, कधीतरी टाकावा पण.

साधं ट्रान्सफर वेगळं. तिथे समोरच्याला पैसे स्वीकारा असं टॅप करावं लागतं, २४ तासांत केलं नाही तर ते आपोआप परत येतात. शिवाय सेटिंगमध्ये पैसे लगेच पोचावेत, २ तासांनी की २४ तासांनी हे निवडता येतं, ही सोय डिसेंबर २०१६ पासून आहे आणि फसवणूक टाळायलाच आणलेली आहे. मला विचाराल तर यूपीआयमध्ये मला हीच एक गोष्ट हवी होती, माझ्या दोन सुनीतांचा घोळ झालाच नसता.

आता बाहेरच्या माणसाने तिकडे जाऊन हे कसं वापरायचं. आधी आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, २९ जून २०२० ला भारत सरकारने ज्या ५९ ॲप्सवर बंदी घातली त्यात वीचॅट होतं, त्यामुळे इथून ते डाउनलोड करून तयारी करून जाणं होत नाही. इथून जाणाऱ्याने थोडी रोख रक्कम आणि चालणारं कार्ड ठेवूनच निघावं, आणि तिथल्या नियमानुसार दुकानदाराने रोख नाकारायची नाही, हे लक्षात ठेवा, जरी सुट्टे द्यायला तो तोंड वाकडं करत असला तरी. बाकी सिंगापूर, दुबई, कुठेही राहणारे आणि तिथून चीनला जाणारे आपले पुष्कळ लोक आहेत, आणि ग्वांगझौच्या व्यापारी मेळ्याला जाणारेही, तर हे त्यांच्यासाठी.

नवं खातं काढताना बऱ्याचदा आधीपासून वीचॅट वापरणाऱ्या कुणीतरी तुमचा कोड स्कॅन करून हा माणूस खरा आहे असं सांगावं लागतं. हे विमानतळावर उतरल्यावर आठवलं तर कोण शोधणार, म्हणून निघायच्या आधी ओळखीतला कोणीतरी गाठा. मग स्वतःच्या प्रोफाईलच्या टॅबमध्ये सर्व्हिसेस, त्यात वॉलेट, त्यात कार्ड जोडा. व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे चालतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, वडिलांच्या नावासकट. आपल्याकडे पासपोर्टवर पूर्ण नाव, कार्डावर नुसतं नाव आडनाव आणि बिलावर तिसरंच असं असतं, तिथे घोटाळा होतो. ६ आकडी पेमेंट पिन ठरवा. आणि भारतातल्या बँकेचं कार्ड असेल तर त्यावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, ते मुळात बंदच असतात, आणि ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू ठेवा, कारण कार्ड जोडताना ओटीपी आलाच नाही तर पुढे सगळंच अडतं.

खर्च बघा. परदेशी कार्डावर एका वेळचं पेमेंट २०० युआनच्या आत असेल तर वीचॅट जास्तीचं काही घेत नाही, त्यावर गेलं की ३ टक्के. मर्यादा २०२४ मध्ये वाढली, आता एका व्यवहाराला ५,००० डॉलर आणि वर्षाला ५०,००० डॉलर, आधी १,००० आणि १०,००० होती. तुमची बँक चलन बदलण्याचे घेते ते वेगळेच. आणि परदेशी कार्डातून दुकानात पैसे देता येतात, पण मित्राला ट्रान्सफर किंवा लिफाफा सहसा होत नाही, तेव्हा चौघांनी जेवून बिल वाटून घ्यायचं असेल तर तुम्ही बिल भरा आणि बाकीच्यांकडून रोख घ्या, उलटं नको.

दुकानातला प्रसंग डोळ्यासमोर आणा. मागे रांग, समोर मुलगी हातात स्कॅनर गन घेऊन उभी, आणि ती तुमच्याकडे न बघताच गन पुढे करते. तुम्ही तिचा कोड शोधताय आणि तिला तुमचा कोड हवाय. म्हणजे दोन पद्धती आहेत, तुम्ही त्यांचा कोड स्कॅन करा किंवा तुमचा कोड दाखवा, मोठ्या दुकानांत बहुतेक दुसरीच. वरच्या अधिक चिन्हात पैसे असा पर्याय असतो, तो उघडला की आडवा बारकोड आणि खाली चौकोनी कोड येतो, ब्राइटनेस वाढवा, गनकडे धरा, टीट, झालं, छोट्या रकमेला पिनसुद्धा मागत नाही. आणि म्हणूनच हा कोड पाकिटातल्या नोटेसारखा सांभाळा. तो दर मिनिटाला बदलतो खरा, पण त्या एका मिनिटात कुणी त्याचा स्क्रीनशॉट किंवा त्याखालचे आकडे मागितले आणि तुम्ही पाठवले तर पैसे गेले. ऑर्डर कन्फर्म करायला आकडे पाठवा असं सांगणारे भामटे तिथे खूप आहेत.

भिंतीवर चिकटवलेल्या कागदी कोडचा वेगळा त्रास, त्यावर दुसऱ्याच कुणी आपला कोड चिकटवून जातं. म्हणून एप्रिल २०१८ पासून तिथे असा न बदलणारा कोड स्कॅन करून पैसे देणारा एक माणूस दिवसात ५०० युआनच देऊ शकतो. नूडलच्या गाडीवर ठीक आहे, फर्निचर घेताना दुकानदाराला मशीनवरचा कोड मागा.

(जाता जाता, आपण सगळे त्या चौकोनाला स्कॅनर म्हणतो, स्कॅनर दाखव, स्कॅनर कुठेय. स्कॅनर आपल्या हातातला फोन असतो हो. तो कोड १९९४ मध्ये जपानमध्ये डेन्सो वेव्हच्या मासाहिरो हारा यांनी गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला होता. पण मीही स्कॅनरच म्हणते, काय करणार.)

कोरिया, जपान, तैवान थोडक्यात

कोरियात काकाओटॉक २०१० पासून आणि काकाओपे सप्टेंबर २०१४ पासून आहे. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलात तर आधी तिथला राहण्याचा परवाना आणि स्वतःच्या नावावरचा कोरियन मोबाईल नंबर घ्या, मगच हे ॲप हातात घ्या, कारण ओळख पटवणं सगळं त्या नंबरवर चालतं आणि मित्राच्या नावावरच्या सिमवर काही होत नाही. आठवडाभर फिरायला जाणाऱ्याने याच्या मागे लागूच नये.

एक गोष्ट मात्र काकाओवरून शिकण्यासारखी. १५ ऑक्टोबर २०२२ ला, शनिवारी दुपारी, सोलजवळ पांग्योमधल्या डेटा सेंटरला बॅटरीतून आग लागली आणि काकाओचं चॅट, टॅक्सी, पेमेंट सगळं एकदम आडवं झालं, पूर्ण ठिकाणावर यायला १२७ तास लागले, म्हणजे पाच दिवसांच्या वर. चॅट आणि पाकीट एकाच ॲपमध्ये असण्याचा हा तोटा, ज्याला फोन करून पैसे मागायचे तो पण त्याच ॲपवर. तेव्हा दुसरं कुठलं तरी ॲप आणि थोडी रोख असू द्या, हे भारतातही तितकंच खरं, यूपीआय पण अधूनमधून बसतंच की.

जपानसाठी जुने ब्लॉग, जुने व्हिडिओ बघून लाईन पे चालू करायला जाऊ नका. लाईन हे चॅट ॲप जोरात आहे, पण त्यातलं लाईन पे जपानमध्ये ३० एप्रिल २०२५ ला बंद झालं आणि लोकांना पेपे या दुसऱ्या पेमेंट ॲपकडे वळवलं. पेपे २०१८ मध्ये आलं तेव्हा त्यामागचं तंत्रज्ञान आपल्या पेटीएमकडून घेतलेलं होतं, हे मला कळलं तेव्हा उगाचच अभिमान वाटला. तैवानमध्ये मात्र लाईन पे जोरात चालू आहे. व्हिएतनाममध्ये 'झालो' (Zalo) नावाचं चॅट ॲप आणि त्याच कंपनीचं झालोपे आहे, पण ते तिथे राहणाऱ्यांच्या कामाचं.

फसवणूक, जी चॅटमध्येच जास्त होते

चॅटमध्ये पेमेंट आलं की सोय वाढते ती ओळखीमुळे, आणि फसवणूकही ओळखीच्याच नावाने होते. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे ओळखीच्या माणसाचं व्हॉट्सॲप हॅक करून त्याच्या नावाने मेसेज, "ताई, अर्जंट आहे, ५ हजार टाक, संध्याकाळी देतो." डीपी तोच, जुन्या गप्पा त्याच, मग संशय कसा येणार. एकच उपाय, साधा फोन लावा, चॅटमधला कॉल नाही, सिमवरचा, आणि आवाज ऐकून मगच. आणि आपलं खातं असं कुणाच्या हाती लागू नये म्हणून व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि एसएमएसवर येणारा ६ आकडी कोड सख्ख्या भावालाही देऊ नका.

दुसरा प्रकार पैसे मिळवण्याचा. जुनं फर्निचर ऑनलाईन विकायला टाकलं की एक जण येतो, भाव न करता हो म्हणतो (इथेच शंका यायला हवी), आणि म्हणतो हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. मावशी याच ठिकाणी अडकता अडकता वाचली. पिन टाकणार एवढ्यात तिने मला फोन केला, "अगं, पैसे घ्यायला पण पिन लागतो का?" नाही लागत. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. पूर्वी पैसे मागणीची रिक्वेस्ट पाठवूनही असंच फसवायचे, ती सोय माणसामाणसांमधल्या व्यवहारांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली, पण कोडवाला प्रकार चालूच आहे.

पेमेंट झाल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे, हेही सांगून ठेवते. बँकेचा मेसेज किंवा खात्यातली शिल्लक बघूनच वस्तू द्या. आणि व्हिडिओ कॉलवर कुणी स्क्रीन शेअर करायला सांगितली, मी मदत करतो म्हणून, तर फोन ठेवून द्या, बँकेतला खरा माणूस असं कधी सांगत नाही.

तरी झालंच तर वेळ घालवू नका. भारतात १९३० ला लगेच फोन लावा, बँकेला कळवा, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पैसा पुढच्या पुढच्या खात्यांत फिरायच्या आधी अडवता आला तर आला. लाज वाटते म्हणून दोन दिवस गप्प बसणारे लोक आहेत, आणि ते दोन दिवसच महागात पडतात.

पैसे कट झाले पण पोचले नाहीत

हे होतं. घाबरून पुन्हा पाठवू नका, आधी थांबा, नाहीतर दोन्ही पोचतात. व्यवहारावर टॅप केलं की १२ आकडी यूटीआर नंबर दिसतो, तो लिहून ठेवा, बँक पहिलं तेच विचारते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकानाला दिलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत, आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. माझे एकदा अडकले होते तेव्हा कस्टमर केअरवाल्याने मला या १०० रुपयांबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता, मी नियमाचं नाव घेतल्यावर त्याचा आवाज बदलला. तक्रार ॲपमध्ये करा पण बँकेतही करा, कारण भारतात पैसे बँकेकडे आहेत, व्हॉट्सॲपकडे नाहीत, मावशीचा प्रश्न परत आला बघा. वीचॅटच्या शिल्लकीतले अडकले तर उलट, तिथे वीचॅटच्याच मागे लागायचं.

आणि फोन किंवा नंबर बदलताना. नुसता फोन बदलला तर सिम नव्या फोनमध्ये घाला, तो एसएमएसचा सोपस्कार पुन्हा करा, पिन तोच राहतो. जुना फोन विकायच्या किंवा भाच्याला द्यायच्या आधी त्यातून बँक खातं काढून टाका, नुसतं ॲप उडवून चालत नाही. नंबरच बदलणार असाल तर आधी बँकेत नवा नंबर नोंदवा आणि मगच जुना सोडा. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याच कुणाला देते, आणि तोपर्यंत तुमच्या नातेवाईकांच्या फोनमध्ये तो तुमच्याच नावाने सेव्ह असतो. मावशीने आता घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय, नंबर बदलला की आधी फोन करून सांगायचं, मग ग्रुपवर टाकायचं.